बहात्तरच्या दुष्काळातले खून आणि आजचा एक खून: रहस्यकथेसाठी मदत हवी आहे

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून एक रहस्यकथा डोक्यात आहे. ऐंशी पानं लिहून झाली आणि गाडा रुतला, म्हणून तुमच्याकडे आले.

परभणी जिल्ह्यातलं एक कल्पित गाव. तुरीची काढणी चालू असताना एका सकाळी सत्तरी ओलांडलेला म्हातारा स्वतःच्या आखाड्यावर मेलेला सापडतो. (बाहेरच्यांसाठी: आखाडा म्हणजे शेतातलं खोपट आणि गोठा, कुस्तीचा नव्हे.) डोक्यात एकच घाव. पैसे, मोबाईल, बैल सगळं जागच्या जागी. हा माणूस तरुणपणी गावचा कोतवाल होता. १९७२-७३ च्या दुष्काळात त्याच गावात दोन बायांची प्रेतं विहिरीत सापडली होती आणि तिसरी बाई गायब झाली ती झालीच. तिघी विधवा. पोलिसांनी 'पाण्यात बुडून मृत्यू' लिहिलं, गावानं 'मुंजानं नेल्या' म्हटलं. पोलीस येईपर्यंत रात्रभर त्या विहिरीच्या काठावर प्रेतांची राखण करत बसला होता तो हाच विशीतला कोतवाल. आजचा तपास करते ती बाहेरून आलेली एक सहायक पोलीस निरीक्षक बाई.

माझा अडलेला प्रश्न एकच. आजचा खून आणि ते जुने खून जोडणारा दुवा कोणता ठेवू? माणूस, हाड की कागद? पन्नास वर्षांनी असं प्रकरण खरंच उघडता येतं का? नुसत्या योगायोगावर मला गोष्ट उभी करायची नाही.

जवसचटणी

मुंजा आला की मी हजर! ताई, लवकर लिहा. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

बीडचा_बाप्पा

सोपं आहे की बाप्पा. वाड्यात पिंपळ, पिंपळाखाली गुप्तधन, धनावर मुंजा. बहात्तरला आजोबानं बळी दिले, धन मिळालं नाही. आता नातू तेच करायला निघालाय आणि म्हाताऱ्याला त्याचा सुगावा लागला. नारळ, लिंबू, हळदकुंकू, अमावस्येची रात्र. वाचणारा झोपणार नाही.

मानवतकर

बाप्पा, तुमच्यावर राग नाही, पण हे वाचून हात थांबला नाही म्हणून लिहितो.

तुम्ही जे 'सोपं' म्हणून लिहिलंत ते आमच्या गावात खरंच घडलेलं आहे. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवतमध्ये एकामागून एक खून झाले. मेल्या त्या बाया आणि लहान लहान मुली. पिंपळ, मुंजा, गुप्तधन ही सगळी कारणं तेव्हा पुढे आली. स्थानिक पोलिसांना उलगडेना, तेव्हा मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. खटला परभणीत चालला, पुढे उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. तो १९७७ चा निकाल माफीच्या साक्षीदाराची साक्ष किती धरायची यासाठी आजही वकील लोक काढून वाचतात.

माझा जन्म त्यानंतरचा. तरी कॉलेजला औरंगाबादला गेलो तेव्हा गावाचं नाव सांगितलं की समोरचा आधी दचकायचा, मग हसायचा. लग्न जमवताना आमच्या आत्याला विचारलं गेलं, 'मानवतच्या का?' कापसाच्या बाजारपेठेचं गाव आमचं, पण लोकांना आठवतं काय तर ते. आणि त्या मुली? त्यांचं कुणाला काहीच आठवत नाही. लोकांच्या तोंडी मुंजा आहे, वाडा आहे, पिंपळ आहे. मुली नाहीत.

पूर्णाकाठ ताई, तुम्ही मुंजाचं नाव गावाच्या तोंडी घातलंत ते ठीक, गाव तसंच बोलतं. पण उत्तर मुंजात ठेवू नका. आज २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यासाठी माणसं आयुष्यभर झिजली. त्यानंतरच्या गोष्टीत तरी तिघी विधवा कुणाच्या तरी नवसाचं सामान होऊ नयेत.

बीडचा_बाप्पा

चुकलंच. मानवतचं कानावर होतं, पण मेल्या त्या लहान मुली हे डोक्यातून गेलंच होतं. अमावस्या रद्द.

पूर्णाकाठ

मानवतकर, मनापासून आभार. मी सेलूच्या बाजूची. आमच्या घरात मुलींना संध्याकाळी बाहेर सोडायचे नाहीत आणि का ते सांगायचे नाहीत. पुढे कळलं की ही भीती मानवतहून आलेली होती. माझ्या गोष्टीतला मुंजा हा खुन्यानं पसरवलेला आहे. लोकांनी विचारणं बंद करावं म्हणून. एवढं एक पक्कं आहे.

निवृत्त_जमादार

सदतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच मराठवाड्यातल्या ठाण्यांत. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. होय, उघडता येतं. खुनाच्या गुन्ह्याला मुदत नाही. पन्नास काय, साठ वर्षांनी पुरावा आला तरी गुन्हा दाखल होतो.

आता बारकावे. तुमच्या गोष्टीत जुने दोन मृत्यू 'बुडून' म्हणजे अकस्मात मृत्यू म्हणून नोंदले गेले असणार, खून म्हणून नाहीच. त्यामुळे 'केस बंद केली' असं लिहू नका, केस उघडलीच नव्हती. खून म्हणून नोंदला आणि आरोपी मिळाला नाही तर अ समरी होते: गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. खोटी फिर्याद असेल तर ब, आणि गैरसमजातून झाली असेल तर क. वाचणाऱ्याला हे तीन शब्द सांगितले तर तपासात जीव येईल.

दुसरं, आजचा खून १ जुलै २०२४ नंतर झालेला दाखवलात तर कलम ३०२ लिहू नका, आता भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे. पण १९७३ च्या खुनाचा गुन्हा आज नोंदवला तरी कलम जुनंच, भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ३०२, कारण कृत्य घडलं तेव्हाचा कायदा लागतो. तुमच्या सहायक निरीक्षक बाईंच्या टेबलावर दोन फायली, एकीवर १०३, दुसरीवर ३०२.

तिसरं, जुनी नोंद बाईंच्या हाती कशी लागली? माझं सुचवणं ऐका. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायला सगळ्या मराठवाड्यात जुनी दप्तरं निघाली. महसूल तर होताच, पण गाव नमुना १४ म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, पोलिसांची गाववारी, गुन्हे रजिस्टर, सगळ्यावरची धूळ झटकली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधून आणली. वर्षानुवर्षं कुणी न सोडलेल्या गाठी त्या हिवाळ्यात सुटल्या. कुणीतरी एक पान मोबाईलमध्ये टिपून ठेवलं असेल, तर त्यात योगायोग काहीच नाही.

उदगीरी

जमादार काका, एक नंबर. पण ताई, मागचे खून १९४८ ला का नेत नाही? रझाकार, पोलीस ॲक्शन, वाड्यातले गडप झालेले लोक. आमच्याकडे प्रत्येक गावात एक तरी अशी गोष्ट आहे.

अंकलिपी

उदगीरी, वयाचा हिशोब घाला. १९४८ ला विशीतला माणूस आज पंचाण्णवच्या पुढे. ना साक्षीदार उरला ना आरोपी. बहात्तरला दहा-बारा वर्षांचा पोरगा आज चौसष्ट-पासष्टचा आहे, पारावर बसून सगळं सांगतो. तपास करणाऱ्या बाईला जिवंत माणूस लागतो. शिवाय अठ्ठेचाळीसच्या जखमा दोन्ही बाजूंच्या आहेत, त्या एका पोटकथेत उरकायच्या नाहीत. त्यावर वेगळी कादंबरी व्हावी.

उदगीरी

पटलं. ती कादंबरी मी लिवतो मग! काय करलालाव आता, बसा वाट बघत.

तांबडी_माती

एक शंका. बहात्तरला विहिरीत पाणी होतं कुठं? बुडून मेल्या म्हणायला बुडण्याएवढं पाणी तर पाहिजे.

अंकलिपी

उलट. आमचे आजोबा म्हणायचे, बहात्तरचा दुष्काळ धान्याचा होता, पाण्याचा नव्हे. पाण्याचा दुष्काळ आपण पाहिला २०१६ ला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा. बहात्तरला विहिरी होत्या, खायला नव्हतं.

तांबडी_माती

तुमच्या आजोबांचं गाव नदीकाठचं असेल. आमचं बालाघाटाच्या डोंगरावर. माझी आजी सांगायची की त्रेहत्तरच्या उन्हाळ्यात पोरीला दोराला बांधून आडात सोडायचे, ती वाटीनं घागर भरायची. आजीच त्या पोरींपैकी एक होती.

निवृत्त_जमादार

तुम्ही दोघांनी भांडता भांडता ताईंचं काम केलं. पंचनाम्यातला महिना बघा. नोव्हेंबर १९७२ असेल तर पुरुषभर पाणी असू शकतं. एप्रिल-मे १९७३ असेल आणि त्याच विहिरीतून पाणी मिळत नाही म्हणून गावानं तहसीलला दिलेला अर्ज दुसऱ्या दप्तरात सापडला, तर 'पाण्यात बुडून' हे दोन शब्दच खोटे पडतात. पोलीस एक कागद बघतात, महसूलवाले दुसरा. दोन्ही शेजारी ठेवायला पन्नास वर्षं कुणी आलं नाही.

पूर्णाकाठ

अंगावर काटा आला. हे मला सुचलंच नसतं. मे १९७३ करते.

जवसचटणी

अवांतर: बहात्तर निघालंच आहे तर, सुकडी (दुष्काळी कामावर मिळायचं ते खाणं) खाल्लेलं कुणी आहे का इथे? माझी आई अजून चवीनं सांगते. आणि लाल मिलो ज्वारीची भाकरी. म्हणे थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची.

गोदावरीबाई

मी खाल्ली आहे. सात वर्षांची होते. आई खडी फोडायला, मी धाकट्याला घेऊन सावलीला. सावली म्हणजे चार काठ्यांवर लुगडं. सुकडी गरम असायची, गोडसर, परातीतून ओंजळीत घ्यायची. लोकांना वाटतं हालाचेच दिवस, पण बायांना त्या कामावर पहिल्यांदा स्वतःच्या हातात मजुरी मिळाली. आईनं पहिल्या आठवड्याच्या पैशातून मला रिबीन घेतली होती, हिरवी. ताई, तुमच्या तिघी नुसत्या रडणाऱ्या दाखवू नका. त्या कामावर जायच्या, हसायच्या, मुकादमाच्या नकला करायच्या, उखाणे घ्यायच्या. मग त्या गेल्या हे वाचणाऱ्याला लागेल.

मन्याडखोरं

मूळ प्रश्नाकडे येतो. तिसरी बाई कुठे लपवली? माझं उत्तर: पेवात.

नव्या पिढीसाठी सांगतो. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं, मोठ्या रांजणासारखं. आतून कडबा, पाचट लावून लिंपायचं, ज्वारी भरायची, वर फरशी आणि चिखल. आमच्या वाड्यात दोन पेवं होती. 'पेव फुटलं' असं आपण सहज म्हणतो, पण पेव खरंच उघडताना मी पाहिलं आहे. मी दुसरीत असेन. आजोबांनी फरशी सरकवली आणि आंबूस, डोक्यात जाणारी ऊब वर आली. सगळ्या पोरांना मागे सारलं. दिवसभर तोंड उघडं ठेवलं. मग दोरीला कंदील बांधून हळूहळू आत सोडला. हात-दीड हात गेला आणि ज्योत बारीक झाली, निळसर झाली, विझली. आजोबा म्हणाले, 'आज नाही.' दुसऱ्या दिवशी परत कंदील. तो खालपर्यंत जळत राहिला तेव्हा गडी उतरला. पेवाच्या कडेची ज्वारी काळी पडलेली, तो वास आजही नाकात आहे.

कोंडलेल्या धान्यातून विषारी वायू सुटतो, जड असतो, तळाशी बसतो. घाईनं उतरलेला माणूस दोन श्वासांत खाली पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. प्रत्येक तालुक्यात अशी माणसं गेली आहेत. आता विचार करा. 'जरा पेवात उतरून ज्वारी भरून दे, दोन पायल्या तुला' असं दुष्काळात भुकेल्या बाईला कुणी म्हटलं तर? हात लावायची गरज नाही. जखम नाही, रक्त नाही. नुसता कंदील सोडला नाही, एवढाच गुन्हा.

बीडचा_बाप्पा

...वाचून पाच मिनिटं नुसता बसलो. हे अमावस्येपेक्षा भयंकर आहे.

डॉ_शेवगा

शवविच्छेदनाचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. मन्याडखोरं यांची कल्पना वैद्यकीय दृष्ट्या बसते. कार्बन डायऑक्साइडनं गुदमरून आलेल्या मृत्यूची खूण हाडावर राहत नाही. पन्नास वर्षांनी सांगाडा मिळाला तर मी अहवालात लिहीन: मृत्यूचं कारण सांगता येत नाही. डॉक्टर इथे थांबतो. पुढचं उत्तर कंदील सोडणाऱ्या माणसाकडेच मिळणार. तुमची निरीक्षक बाहेरची आहे, तिला पेव माहीत नाही. तिला ते गावातली कुणी म्हातारी समजावून देईल, तो प्रसंग छान होईल.

हाडांवरून काय कळेल? कटीच्या हाडावरून बाई हे नक्की. वयाचा अंदाज. दात झिजलेले असतील, कारण जात्याच्या पिठात दगडाची कच असायची, तेव्हाच्या दातांवर ती झीज दिसते. कोरड्या पेवात दात आणि मांडीचं हाड चांगलं राहिलं तर डीएनए मिळण्याची आशा असते, काळ्या मातीत पुरलं असतं तर ओलाव्यानं कठीण झालं असतं. पण डीएनए जुळवायला रक्ताचं नातेवाईक लागतं. म्हणजे तिसऱ्या विधवेची मुलगी किंवा नात गोष्टीत हवी.

आणि काळ ठरवायला नाणं ठेवा. कमळाचं वीस पैशांचं पिवळं पितळी नाणं १९६८ ते १९७१ या काळातलं. बाईच्या कनवटीला ते सापडलं तर निदान त्याच्या आधी ती मेलेली नाही, एवढं पक्कं होतं.

किल्लारीची_वाट

आमच्याकडे वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. नंतर गावंच्या गावं नव्या जागी गेली, जुनं गाव ओसाड पडलं. माझ्या मनात कायम येतं की त्या ढिगाऱ्याखाली पेवं होती, तळघरं होती, त्यांचं पुढे कुणी काही पाहिलं नाही. ताईंचं गाव परभणीचं आहे, तेव्हा उपयोग नाही, पण लिहावंसं वाटलं. आमचे सात जण गेले.

पूर्णाकाठ

किल्लारीची वाट, काय लिहू. वाचलं. परत वाचलं.

वकीलवाडा

आता हेतू. पन्नास वर्षांपूर्वीच्या खुनासाठी आज म्हाताऱ्याला कोण मारेल? जुना खुनी मेला असेल तर त्याची शिक्षा टळलीच. मग नातवाला कशाची भीती? माझ्या मते मोबदल्याची. समृद्धीला जोडणारा जालना ते नांदेड द्रुतगती महामार्ग परभणीतून नेलाय, त्यासाठी भूसंपादन. कोरडवाहू जमिनीला अचानक कोटींचा भाव आला. मोबदला वाटताना नावं निघतात, वारस निघतात, कुण्या पुण्याच्या नातीला कळतं की आपल्या आजीच्या नावावर तिथे आठ एकर होती.

विधवा का, तेही यातच आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १४. त्याआधी नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा हक्क फार तर हयातीपुरता. १९५६ नंतर ती पूर्ण मालक. विकू शकते, लेकीला देऊ शकते. दीर-पुतण्यांच्या पोटात हे वर्षानुवर्षं सलत होतं.

आणि खरी मेख कलम २५ आणि २७ मध्ये आहे. ज्यानं खून केला त्याला मेलेल्याची मालमत्ता वारसानं मिळत नाही, आणि तो आधीच मेला असं धरून वाटणी होते. म्हणजे आजोबानं वहिनीला मारलं हे सिद्ध झालं की त्या वारसावर उभा असलेला नातवाचा हक्कही ढासळतो. शिक्षा कुणाला झाली नाही तरी जमीन जाते. कोतवाल तोंड उघडणार हे कळल्यावर नातवाला एवढं कारण पुरे.

अंकलिपी

पण दोघींची प्रेतं विहिरीत टाकली आणि तिसरीला लपवलं, हे का? एकच पद्धत का नाही?

वकीलवाडा

बरोबर पकडलंत. पहिल्या दोघी निपुत्रिक ठेवा. त्यांचं मरण दिसणं दिरासाठी सोयीचं, कारण मृत्यू झाला की वारसाचा फेरफार लगेच. तिसरीला मुलगी आहे. ती मेली असं दिसलं तर जमीन मुलीला जाते. म्हणून तिनं मरायचं नाही. तिनं 'जमीन विकून निघून जायचं'. बेपत्ता माणूस मेला असं धरायला कायद्यात सात वर्षं लागतात, तोवर खरेदीखत जुनं होतं.

अंकलिपी

पेवात मेलेल्या त्या दोघींनाही विहिरीत नेऊन टाकलं असणार मग. म्हणून पाणी नसलेल्या विहिरीत 'बुडाल्या'. जुळलं!

रजिस्ट्रीवाले_काका

मी नोंदणी कार्यालयात लेखनिक होतो. वकीलसाहेबांनी माझं काम अर्धं केलं, उरलेलं मी करतो.

मेलेल्या बाईनं खरेदीखत दिलं म्हणजे दुसऱ्या कुणी तरी बाई उभी केली आणि तिनं अंगठा दिला. स्थावर मालमत्तेची नोंद पुस्तक क्रमांक १ ला लागते आणि ते पुस्तक कायम जपायचं असतं. तो अंगठा आजही तिथे आहे. अंगठ्याच्या रेषा जन्मभर बदलत नाहीत. त्या तोतया बाईला जिवंत ठेवा, ऐंशीच्या घरात, निराधार पेन्शनसाठी यंत्रावर अंगठा देणारी. तिचे हात कामानं घासून गेलेत, यंत्र अंगठा घेत नाही, म्हणून ती दर महिन्याला भांडते. पण शाईचा जुना अंगठा स्पष्ट आहे.

(कोणी सुचवेल की दुष्काळी कामाच्या हजेरीपटावरचे अंगठे घ्या. तसे हजेरीपट इतकी वर्षं राहत नाहीत. अ वर्गाचं दप्तर कायम, ब तीस वर्षं, क दहा, पुढे नाश. ती चूक टाळा.)

अजून एक, फुकट देतो. नातवानं मोबदल्यासाठी घाईत जुन्या तारखेचं वाटणीपत्र बनवलं असं दाखवा. कागद जुना, शाई फिकी, तारीख १९७४. आणि मजकुरात लिहिलं 'राहणार अमुक, जिल्हा जालना'. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी ते औरंगाबाद जिल्ह्यात. लातूर ऑगस्ट १९८२, हिंगोली १ मे १९९९. अशी बनावट कागदपत्रं ओळखायला भिंग लागत नाही, जिल्हा वाचला की पुरे. पोराचा जन्मच त्यानंतरचा, त्याला जालना हा जिल्हाच माहीत.

जवसचटणी

काका, तुमच्यासमोर खोटं बोलायची सोय नाही! 'जगात जर्मनी, भारतात परभणी' आपण उगाच म्हणत नाही.

निवृत्त_जमादार

काकांचा जिल्हा माझ्या डायरीत लिहून घेतला. खात्यात असताना मिळायला हवा होता.

एक गोष्ट लक्षात आली का? जुना खुनी थंड डोक्याचा, हात न लावता मारणारा. आजचा घाव मात्र डोक्यात, जवळ पडलेल्या कशानं तरी, रागात. बाईंनी हा फरक पहिल्या दिवशी ओळखावा. दुवा माणसांत नाही, जमिनीत आहे. आणि आखाड्यावरून काय नाहीसं झालं ते शोधायला लावा. पैसे आहेत, मोबाईल आहे. मग काय नाही?

मन्याडखोरं

कंदील.

निवृत्त_जमादार

शाबास.

कडबा

मी इथे नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझ्या आईची थोरली बहीण. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी राहायची. त्रेहत्तरच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावर गेली, ती संध्याकाळी आली नाही. आजोबा तीन कोसांवरच्या ठाण्यात गेले. तिथे सांगितलं, 'टाकलेली बाई, गेली असेल कुणाबरोबर.' नोंदच घेतली नाही. आजोबा तीन वेळा गेले. चौथ्यांदा गेले नाहीत, कारण चौथ्यांदा गेलं असतं तर दिवसाची मजुरी बुडाली असती. आजी मरेपर्यंत म्हणायची की ती कुठं तरी सुखात असेल.

जमादार काका म्हणाले तसं, केस उघडलीच नव्हती. तिचं नाव कुठल्याच दप्तरात नाही. सातबाऱ्यावर नाही, कारण जमीन नव्हती. मतदार यादीत एकदा होतं म्हणे. पूर्णाकाठ ताई, तुमच्या तिसऱ्या बाईला नाव दिलंय का? नसेल तर तिचं द्याल का? नाव इथे उघड लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गोदावरीबाई

बाई, डोळे भरून आले. त्याच वर्षी आमच्या टोळीतूनही एक पोर अशीच गेली होती. कुणी शोधली नाही.

निवृत्त_जमादार

कडबा ताई, हात जोडतो. आमच्याकडून अशा नोंदी राहिल्या. किती राहिल्या ते मोजायलाही कागद नाही.

पूर्णाकाठ

व्यनि मिळाला. नाव देते. काल रात्री पहिली ऐंशी पानं पुन्हा वाचली, तिथे ती नुसती 'तिसरी बाई' होती. ते सगळं आता बदलावं लागेल आणि बदलायचंच आहे.

गोष्ट अशी ठरली. मे १९७३, कोरडी विहीर आणि तहसीलचा अर्ज. पेव, कंदील. विधवेचा हक्क, तोतया अंगठा, नातवाचं 'जिल्हा जालना'. कोतवाल त्या रात्री विहिरीवर बसला होता, त्याला बायांच्या लुगड्याला आंबूस वास आला होता. तो एवढी वर्षं गप्प राहिला, कारण त्या घरानंच त्याच्या बापाला कोतवालकी मिळवून दिली होती. नात पुण्याहून आली तेव्हा त्यानं वाड्याच्या माळ्यावरून जुना कंदील आणून आखाड्यावर टांगला. नातवानं तो पाहिला.

कडबा, एक विचारू का? मावशीच्या अंगावर ओळखू येईल असं काही होतं का? डॉक्टर म्हणाले तसं, हाडाला नाव नसतं.

कडबा

आईला विचारलं. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले होते, पण ते राहणार नाहीत ना. डाव्या हातात चांदीचं कडं होतं, आजीनं दिलेलं. खडी फोडताना त्यावर हातोडी बसली होती आणि ते एका बाजूनं चेपलं होतं. हातातून निघेनाच, म्हणून विकता आलं नाही, असं आई म्हणते.

पूर्णाकाठ

चेपलेलं कडं. मिळेल ते पेवात, आणि निरीक्षक बाई पंचनाम्यात पहिल्या ओळीत ते लिहितील. मन्याडखोरं दादा, कंदील खाली पोचल्यावर पेवाच्या तळाशी उजेड कितपत पडतो? कड्यावर चमक दिसेल का?

मन्याडखोरं

चमक नाही दिसणार, पन्नास वर्षांत चांदी काळी पडली असेल. उजेड फक्त कंदिलाभोवती पिवळा. बाईंना गुडघ्यावर बसून हातानं चाचपायला लावा. आणि कंदील दुसऱ्या दिवशीही आधी सोडा, विसरू नका.